हात हुंगणारे हवालदार

फरिदाबादच्या ऑक्सिजन प्लांटमध्ये सिलिंडर भरायच्या दोन नंबरच्या लायनीला आग लागली, ती जाधव हवालदारांच्या चुकीनं नाही. माझ्या चुकीनं लागली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईवडिलांना नाही, बायकोला नाही, आणि चहा-बिस्किटं मधे ठेवून ज्यांनी मला रीतसर विचारलं होतं त्या चौकशी समितीला तर नाहीच. दोन ओळींचा मजकूर. लिहायला पंचवीस वर्षं लागली. एरवी लिहिण्याच्या बाबतीत माझा हात जड नाही. औद्योगिक सुरक्षिततेवर मी भरपूर लिहितो, गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींत त्यावर व्याख्यानं देतो, आणि लोक अगदी शांतपणे ऐकतात. त्यांना तिथं त्यांच्या कंपनीनं बसवलेलं असतं, हा भाग वेगळा.

हवालदार लोकांचे हात हुंगत असत. सकाळी सहाची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी ते सिलिंडर भरायच्या शेडच्या दारात उभे राहायचे. खाकी पॅंट, पांढरा शर्ट, फौजेतून आणलेले बूट. प्रत्येकानं दोन्ही हात पुढे करायचे, हवालदार वाकायचे, आधी तळवे, मग बोटांची टोकं हुंगायचे. "हाथ धोके आ." किंवा "चल अंदर." एवढंच. ज्यांनी कारखान्यांत दिवस काढलेत त्यांना असा एखादा माणूस आठवेलच, ज्याच्यामुळे सगळ्यांना रोज दहा मिनिटं उशीर होतो आणि ज्याच्यामुळे सगळे रोज घरी परत जातात. या दोन गोष्टींपैकी आपण तक्रार पहिलीची करतो.

कारण साधं होतं. प्लांटमध्ये आम्ही हवा दाबायचो, थंड करत करत तिचा पाण्यासारखा द्रव करायचो, त्यातून ऑक्सिजन वेगळा काढायचो आणि प्रचंड दाबानं सिलिंडरांत भरायचो. त्या दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनला तेल किंवा ग्रीस भेटलं की काडीपेटीची गरज उरत नाही. लोखंडसुद्धा कागदासारखं जळतं. हे भिंतीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं. लाल अक्षरांत, फ्रेम करून. ते वाचून कुणी हात धुतल्याचं मला स्मरत नाही.

एकदा आमचे जीएमसाहेब पाहुण्यांना प्लांट दाखवायला घेऊन आले. हवालदारांनी सलाम ठोकला आणि म्हणाले, "सर, हाथ." साहेब हसले. हवालदार हसले नाहीत. शेवटी साहेबांनी पाहुण्यांसमोर हात पुढे केले. हवालदारांनी हुंगले आणि गंभीरपणे अहवाल दिला, "परांठा सर. मख्खन के साथ. नल उधर है." साहेबांनी हात धुतले, शेड दाखवली, आणि त्यानंतर पुन्हा कधी त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. प्लांटच्या सुरक्षिततेत त्या वर्षी पडलेली ही सगळ्यात मोठी भर.

त्यांचं गाव कराडकडचं. फौजेत असतानाच गॅस प्लांट चालवायला शिकले, दिल्ली छावणीतून निवृत्त झाले आणि आमच्याकडे शिफ्ट इन्चार्ज म्हणून लागले. डोक्याला तेल लावत नसत, त्यामुळे केस ऊन लागलेल्या गवतासारखे उभे. ड्यूटीवर भाकरी आणि कोरडी चटणी. एका रविवारी मी त्यांच्या घरी जेवायला गेलो तर काकू म्हणाल्या, "ह्यांच्या घरात तेल म्हंजे माझी सवत हाय बघा. सुट्टीच्या दिवशीच घरात घ्यायची." हवालदार शांतपणे भज्यांवर भजी खात होते. म्हणाले, "आज तिचाच दिवस हाय."

आता माझ्याबद्दल, नाइलाजानं. वडील दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, सरकारी क्वार्टर, शिक्षण पहाडगंजच्या मराठी शाळेत, पुढे बी.एस्सी.; वर्ग विचारू नये. वडिलांच्या ओळखीतून मला या प्लांटमध्ये ज्युनियर ऑपरेटरची नोकरी मिळाली. आई सगळ्यांना सांगायची, "गॅस कंपनीत आहे." त्यामुळे मराठी मंडळात ज्या काकू एरवी माझ्याकडे बघत नसत त्या मला कोपऱ्यात घेऊन विचारायच्या, "अरे, आमचा सिलिंडर तीन आठवडे झाले आला नाही, जरा बघशील?" आम्ही स्वयंपाकाचा गॅस बनवत नाही, हे मी सुरुवातीला समजावून सांगत असे. मग "बघतो" म्हणायला लागलो. न केलेल्या गोष्टीबद्दल "बघतो" म्हणायची सवय मला तिथं लागली असावी. पुढे फार उपयोगी पडली.

हवालदार मला 'दिल्लीकर' म्हणत. माझी मराठी त्यांना झेपत नसे. मी म्हणायचो, "काका, वो वाला प्रेशर थोडं जास्ती होऊन राहिलंय, यार." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहायचे. "यार तुझा तिकडं करोलबागंत. मी काका. आता परत सांग." मग मी परत सांगायचो, आणि तोपर्यंत प्रेशर खरंच जास्त झालेलं असायचं.

कंट्रोल रूममधल्या तबकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "काचंतला काटा पगारी हाय," ते म्हणत. "सायबाला काय आवडंल त्ये दावतो." ते एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कॉम्प्रेसरपाशी जायचे, टोक बेअरिंगवर टेकवायचे आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. आजारी माणसाची छाती तपासावी तसं. "कुरकुरतंय. दोन दिसांत बोंबलणार." दोन दिवसांनी ते बोंबलायचं. आमचा इंजिनियर त्याला 'अनसायंटिफिक' म्हणायचा आणि तिसऱ्या दिवशी बेअरिंग बदलायचा.

दर तासाला प्लांटभर फिरून रीडिंग घ्यायची आणि लॉगशीट भरायची, हे माझं काम. ज्युनियर ऑपरेटरांत एक जुनी, आदरणीय प्रथा होती: सकाळी सात वाजता, चहा पिता पिता, दुपारी दोनपर्यंतची सगळी रीडिंग लिहून मोकळं व्हायचं. थोडे आकडे वरखाली करायचे, म्हणजे जिवंत वाटतात. मी ही प्रथा पहिल्याच आठवड्यात आत्मसात केली. हवालदारांनी एकदा साडेनऊला माझी शीट उचलली, त्यात एक वाजताचं रीडिंग होतं. ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, "दिल्लीकर, बघून लिवलंस, का लिवून बघितलंस?" मग मला हाताला धरून प्रत्येक पाइपापाशी नेलं आणि हात लावायला लावला. हा गार, हा कोमट, ह्याच्यावर हिव साचलंय. भरताना सिलिंडर ऊन व्हायला लागतो. जो गारच राहिला त्यात गॅस जात नाही. "हात लावल्याबिगर आकडा लिवायचा न्हाई," ते म्हणाले. हे वाक्य मी आज माझ्या व्याख्यानांत माझं म्हणून वापरतो. टाळ्या पडतात.

आणि व्हॉल्व्ह उघडणं. भरायच्या लायनीचा मुख्य व्हॉल्व्ह ते दुसऱ्या कुणाला उघडू देत नसत. व्हॉल्व्हच्या समोर कधी उभे राहिले नाहीत. बाजूला, तोंड फिरवून. "दार उघडताना दारासमूर उभं ऱ्हायचं न्हाई. आत कोण बसलंय म्हाईत न्हाई." झटक्यानं उघडला तर आतली हवा एकदम दाबली जाऊन तापते, म्हणून इंचाइंचानं उघडायचा. त्या सावकाशीचं त्यांचं माप म्हणजे त्यांच्या गावाकडच्या रेल्वेची स्टेशनं. थोडं फिरवायचं: "कोरेगाव." थांबायचं. "रहिमतपूर." थांबायचं. "तारगाव. मसूर." कराड आलं की व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला. सिलिंडर जोडणारा आमचा फिलर रामअवतार उत्तर प्रदेशातल्या बलियाचा होता. त्याला ही स्टेशनं तोंडपाठ झाली होती. "हवालदारसाब, आपकी गाड़ी बड़ी लेट चलती है," तो म्हणायचा. "पहुँचती तो है ना?" हवालदार म्हणायचे.

तर आता तो शनिवार.

गणपतीत मंडळाचं नाटक होतं आणि त्याच्या तालमी शनिवारी चार वाजता पहाडगंजच्या आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये चालत. मला पोस्टमनचं काम होतं, तीन वाक्यं. तीन वाक्यांसाठी फरिदाबादहून धावत जायची गरज नव्हती, पण ज्या मुलीच्या हातात मला पत्र द्यायचं होतं तिच्यासाठी होती. कंपनीची व्हॅन सव्वादोनला सुटायची. ती चुकली की बसनं बदरपूर, तिथून पुढे दैवाधीन.

साडेबाराला हवालदारांच्या लक्षात आलं की दोन नंबरच्या लायनीचा व्हॉल्व्ह जड फिरतोय. ती लायन आता सोमवारी लागणार होती. त्यांनी मला सांगितलं, "खाली उतरव, खोल, रसायनानं साफ कर, सुकव, परत बशीव. घाई न्हाई." घाई नाही म्हणजे दीड-दोन तास. एवढ्यात तिकडे कॉम्प्रेसर कुरकुरायला लागला आणि ते आपला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिकडे गेले.

मी व्हॉल्व्ह उतरवला नाही. मोटार-हाउसमध्ये ग्रीसचा डबा होता. त्यातलं करंगळीच्या नखाएवढं ग्रीस मी एका चिंधीवर घेतलं आणि व्हॉल्व्हच्या दांड्याच्या आट्यांवर चोळलं. दोनदा फिरवलं. लोण्यासारखा फिरायला लागला. वरून पुसून घेतलं. सगळं मिळून पाच मिनिटं. मला नियम माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. नियमाची पाटी माझ्या डोक्याच्या वरच होती, लाल अक्षरांत, फ्रेम केलेली. मला एवढंच वाटलं की एवढ्याशानं काय होतंय. मी बी.एस्सी. होतो.

हात साबणानं दोनदा धुतले. पावणेदोनपर्यंत शेडमागे उभा राहून माझी तीन वाक्यं पाठ केली. मग कॉम्प्रेसरपाशी जाऊन म्हणालो, "झालं काका. एकदम साफ. बिल्कुल नवा झालाय."

त्यांचा कान मुठीला लागलेला होता. डोळे मिटलेले. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे हात न बघता म्हणाले, "शाबास. रजिस्टर आण." मी रजिस्टर धरलं, त्यांनी सही केली: व्हॉल्व्ह साफ केला, तपासला. मग पुन्हा डोळे मिटले. मला व्हॅन मिळाली. तालीम छान झाली. ज्या मुलीच्या हातात मी पत्र दिलं ती आज माझी बायको आहे, आणि लोकांनी आमच्या लग्नाची गोष्ट विचारली की आम्ही दोघं त्या पोस्टमनबद्दल सांगतो आणि सगळे हसतात.

सोमवारी सकाळी रामअवतारनं दोन नंबरला सिलिंडर जोडले. मी कंट्रोल रूमच्या दारात होतो. हवालदारांनी त्याला मागे सरकायला सांगितलं, स्वतः बाजूला उभे राहिले, तोंड फिरवलं. कोरेगाव. रहिमतपूर. तारगाव म्हणायच्या आत एक पांढरा उजेड झाला आणि फटाक्याच्या माळेतला शेवटचा बार असतो तसा आवाज. मी पंप बंद केला, तेवढी अक्कल हातात शिल्लक होती. व्हॉल्व्हच्या जागी वितळून वाहिलेलं पितळ होतं. समोरच्या भिंतीवर काळा झालेला एक पट्टा. दुसरा कुणीही तिथं नेहमीसारखा समोर उभा असता तर त्या पट्ट्यात तोच असता. हवालदारांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला आणि भुवया गेल्या. रामअवतारला काही झालं नाही, तो नुसता खाली बसला.

मी हवालदारांना नळाखाली नेलं. हातावर पाणी सोडलं. कातडी पाहवत नव्हती. ते विव्हळले नाहीत. पाणी पडत असताना माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "शनवारी तुझा हात हुंगायचा ऱ्हायला."

बस. या विषयावर ते माझ्याशी जन्मात एवढंच एक वाक्य बोलले. मी त्यावर काय म्हणालो? मी म्हणालो, "काका, गाडी मागवतो." गाडी मागवणं हे माझं त्या दिवसाचं शौर्य.

बुधवारी हेड ऑफिसातून तीन जणांची समिती आली. त्यांनी शेड लांबून पाहिली, भिंतीवरच्या पाटीचं कौतुक केलं, आणि रामअवतारचा जेवणाचा डबा उघडला. डब्यात पराठे होते आणि आंब्याचं लोणचं. समितीचे तिघे एकमेकांकडे असे बघायला लागले की जणू हरवलेला खजिना सापडला. लोणच्याचं तेल! हे सूत्र इतकं सोपं होतं की ते नाकारणं म्हणजे समितीच्या वेळेचा अपमान झाला असता. रामअवतार ठेकेदाराचा माणूस, त्याच्यासाठी भांडणारं कुणी नाही. त्याला काढायचं आणि हलगर्जीपणाबद्दल पोलीस चौकीत द्यायचं, असं चहा संपायच्या आत ठरलं. मलाही बोलावलं. "आपने कुछ देखा?" मी म्हणालो, "सर, मैं तो कंट्रोल रूम में था." यातलं प्रत्येक अक्षर खरं होतं. खोटं बोलायचं तर खरी वाक्यं वापरावीत, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, उपजतच होतं.

दुपारी हवालदार आले. हाताला कोपरापर्यंत पट्टी, भुवया नाहीत, त्यामुळे चेहऱ्यावर सतत आश्चर्य असल्यासारखं. सरळ कंट्रोल रूममध्ये आले, माझ्यासमोर बसले.

"रामअवतारला चौकीत देणारेत म्हनं."

"हो काका."

"त्याची बायको गावी हाय. दोन लेकरं. चौकीत काय करत्यात त्याला, म्हाईत हाय का?"

मी समोरची लॉगशीट सरळ केली.

"माझा हात चालत न्हाई. माझं बयान द्यायचंय. तुझं अक्षर झ्याक हाय. तू लिव."

माझं अक्षर खरंच चांगलं होतं. प्लांटमध्ये सगळे अर्ज माझ्याकडूनच लिहून घेत. मी कागद ओढला. ते हिंदीत सांगत गेले, मी लिहीत गेलो: शनिवारी व्हॉल्व्ह जड होता, तो उतरवून साफ करायचा असतो, तो उतरवला नाही, वरून ग्रीस लावलं, फिलरचा याच्याशी काहीही संबंध नाही. फिलर निर्दोष आहे. मग ते थांबले.

"ग्रीस कुणी लावलं, त्ये लिव आता."

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. कॉम्प्रेसर चालू होता. ते घाई करत नव्हते. व्हॉल्व्ह उघडताना थांबत तसे थांबले होते. मला वाटतं त्यांनी मला चांगली पाच मिनिटं दिली. पाच मिनिटांत किती काम होतं हे मला ठाऊक होतं.

"काय लिहू, काका?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. सिलिंडर ठोकून बघतात, आतून गंजलेला असला की तो वाजत नाही, नुसता बद्द करतो. तसा आवाज ऐकल्यावर जसे ते सिलिंडर बाजूला काढायचे, तसे बघत होते.

"बरं," ते म्हणाले. "माझं नाव घाल."

आणि मी घातलं. माझ्या झ्याक अक्षरात. 'शिफ्ट इन्चार्ज जाधव ने स्वयं ग्रीस लगाया.' त्यांनी डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली.

सगळा प्लांट जाणत होता की हा माणूस डोक्याला तेल लावत नाही. जीएमसाहेबांचा पराठा पकडणारा माणूस ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला ग्रीस लावेल, यावर विश्वास ठेवायला समिती लागते. तिनं ठेवला. कागद होता, सही होती, रजिस्टरमध्ये 'तपासला' असं लिहून केलेली दुसरी सही होती. एकट्या रामअवतारनं गोंधळ घातला. तो समितीच्या खोलीत घुसला आणि ओरडला, "साहब, ये झूठ बोल रहे हैं! ये आदमी ऐसा कर ही नहीं सकता!" हवालदार त्याच्यावर खेकसले, "चुप! बाहर जा. हाथ धोके काम पे लग." तो रडत बाहेर गेला. माझ्या बाजूनं जाताना थांबला. "भैया, आप तो पढ़े-लिखे हो, आप ही कुछ बोलो ना." मी म्हणालो, "बघतो."

मराठीत म्हणालो. त्याला कळलं नसावं.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना हवालदारांना काढलं. निरोप समारंभ नाही, हार नाही, आणि ते ज्याची वाट बघत होते ते चांगल्या सेवेचं पत्रही नाही. फौजेतली तसली दोन पत्रं त्यांच्या घरी भिंतीवर होती. तिसऱ्यासाठी काकूंनी खिळा मारून ठेवलेला मी पाहिला होता. त्यांच्या जागी शिफ्ट इन्चार्ज म्हणून मला नेमलं. साहेब म्हणाले, 'यंग ब्लड' हवं. शेडच्या दारात उभं राहून लोकांचे हात हुंगायची मला लाज वाटली, म्हणून मी तिथं आणखी एक पाटी लावली. हिंदीत. फ्रेम करून.

मी त्यांना पोचवायला निजामुद्दीन स्टेशनवर गेलो होतो. का गेलो, ते अजून कळलेलं नाही. प्लांटमधून दुसरं कुणी येऊ शकलं नाही. रामअवतारला त्या दिवशी मीच सुट्टी दिली नव्हती, माणसं कमी होती. ट्रंका, गाद्यांची वळकटी, ती दोन पत्रं टॉवेलात गुंडाळून काकूंच्या मांडीवर. मुलगी नंदा तेव्हा कॉलेजात होती, खिडकीशी तोंड वळवून बसली होती. काकू मला म्हणाल्या, "एवढ्या वर्सांत ह्यांच्यामागं तूच एकला आलास रं बाबा. देव तुझं भलं करो." देवानं ते मनावर घेतलं, हे मी नमूद करतो. पुढे माझं सगळं भलंच झालं.

हवालदार प्लॅटफॉर्मवर माझ्याजवळ उभे होते. पट्टी निघाली होती, बोटं नीट मिटत नव्हती. गाडी सुटायला आल्यावर म्हणाले, "तू चांगला ऑपरेटर हुशील."

मी मान खाली घातली.

"भ्यालेला माणूस परत ग्रीस लावत न्हाई," ते म्हणाले आणि गाडीत चढले.

ते खरं ठरलं. मी परत कधी ग्रीस लावलं नाही. माझ्या हाताखाली पुढे एकही अपघात झाला नाही, त्यावर माझी कीर्ती झाली, त्या कीर्तीवर मोठ्या कंपन्या मिळाल्या, आणि आता विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. त्यांना मी एक पत्र लिहिलं होतं. दिवाळीच्या शुभेच्छांचं. उत्तर आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात: 'कॉम्प्रेसर कसा आहे?'

चार वर्षांपूर्वी नंदाचा फोन आला. ती आता साताऱ्याला शाळेत शिकवते. नंबर कुठूनतरी मिळवला होता. हवालदार गेले, काकू आधीच गेल्या होत्या. बाबांच्या जुन्या माणसांना कळवावं म्हणून फोन केला, म्हणाली. मी जे बोलायचं असतं ते बोललो. मग ती म्हणाली, "दादा, एक विचारू? गावात लोक बाबांना चिडवायचे. 'हवालदारानं दिल्ली पेटवली.' ते हसण्यावारी न्यायचे. मी मात्र कितीतरी वर्षं त्यांच्यावर चिडून होते. आम्हाला सगळं सोडून यावं लागलं ना, माझं कॉलेज सुटलं. त्यांना एकदा बोललेसुद्धा, जन्मभर दुसऱ्यांचे हात तपासलेत, आणि स्वतःच्या हाताचं काय? ते काही म्हणाले नाहीत. शेवटी आजारपणात मीच त्यांना म्हटलं, जाऊ दे बाबा, होते चूक माणसाच्या हातून. मी विसरले ते. बरं केलं ना?"

मी विसाव्या मजल्याच्या खिडकीशी उभा होतो. ती वाट बघत होती.

मी म्हणालो, "हो, बरं केलंस."

तिनं त्यांना क्षमा केली. त्यांनी ती घेतली, माझ्या वाटची, आणि तिला शब्दानं कळू दिलं नाही. तिचा नंबर माझ्याकडे आहे. शाळा कुठली तेही माहीत आहे. हा मजकूर छापून तिच्या हाती पडण्याआधी मला साताऱ्याला जायला हवं, आणि तिच्यासमोर बसून सांगायला हवं की तुझ्या वडिलांच्या हातून चूक झाली नव्हती, त्यांना क्षमा करण्यासारखं काही नव्हतंच. हे माझं देणं आहे. आज हे लिहीपर्यंत मी ते दिलेलं नाही.